शेअरच्या सौद्यावर कर असावा का? एक कॉन्ट्रॅक्ट नोट समोर ठेवून

मिरजेच्या एका तरुण प्राध्यापकांनी विचारलं आहे: "चार वर्षं मी शेअर घेतो. नफा झाला की त्यावर कर भरतो. तरी प्रत्येक खरेदीला आणि प्रत्येक विक्रीला सरकार एसटीटी (सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स, म्हणजे सौद्यावरचा कर) कापतं. तोट्यात विकलं तरी कापतं. हे न्यायाचं आहे का? सट्टा कमी व्हावा म्हणून हा कर आणखी वाढवा असं काही जण म्हणतात, ते बरोबर आहे का? आणि माझे वडील हळद करतात. हळदीच्या वायद्यावर, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यावर, असा कर आहे का, आणि असावा का?"

सर, मत आधी सांगतो, कारणं मागून. सौद्यावर कर असावा असंच मी म्हणेन. पण तो हलका असावा, शेअर घेऊन ठेवणाऱ्याला नफ्यातून त्याची वजावट मिळावी, आणि सट्टा आवरण्याचं काम त्याच्यावर सोपवू नये. सट्टा आवरायला नियम लागतात. कर वाढवला की सट्ट्यातून सरकारला उत्पन्न सुरू होतं आणि सट्टा चालूच राहतो. तीस वर्षं सांगलीत दलालीच्या धंद्यात काढल्यावर मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

१९९४ साली मी गणपती पेठेतल्या एका सब-ब्रोकरच्या पेढीवर कामाला लागलो, तेव्हा माझ्याकडे पहिलं काम आलं ते तिकिटं चिकटवण्याचं. शेअर सर्टिफिकेट कागदाचं असायचं, सोबत ट्रान्सफर डीड. डीडच्या मागच्या बाजूला शेअर ट्रान्सफरची तिकिटं लावायची, शंभर रुपयांच्या मालाला ५० पैसे. दोनशेच्या भावाचे पन्नास शेअर म्हणजे दहा हजारांचा माल, त्याला ५० रुपयांची तिकिटं. डिंकाची बाटली, ओला स्पंज आणि तिकिटांचे ताव घेऊन मी दुपारभर बसायचो. एखादं तिकीट कमी पडलं तर कंपनीकडून सगळे कागद परत यायचे आणि गिऱ्हाइकाचं नाव लागायला आणखी दोन महिने जायचे. सौद्यावर कर ही २००४ साली कुणाच्या डोक्यातून निघालेली नवी गोष्ट नाही, हे सांगण्यासाठी ही आठवण काढली. इंग्लंडात मुद्रांक शुल्क १६९४ पासून आहे आणि आजही तिथे शेअर घेणारा शेकडा अर्धा पाउंड भरतो. आपल्याकडे डिमॅट आलं, तिकिटं गेली, आणि मधल्या थोड्या वर्षांत बाजार स्वस्त झाला. मग एसटीटी आला.

आता तुमची एखादी कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे दलालानं पाठवलेला सौद्याचा हिशेब, काढून समोर ठेवा. एक लाखाचे शेअर डिलिव्हरीत, म्हणजे खात्यात ठेवायला, घेतले असतील तर एसटीटी १०० रुपये. मुद्रांक शुल्क १५ रुपये. एक्स्चेंजचा आकार तीन रुपयांच्या आसपास. बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीची फी दहा पैसे. दलाली कुठे शून्य, कुठे २० रुपये, आमच्यासारख्या पेढीवर थोडी जास्त, आणि त्यावर जीएसटी. बहुतेक नोटांवर सगळ्यात मोठा आकडा एसटीटीचाच निघेल. विकताना पुन्हा शंभराला दहा पैसे. मुद्रांक शुल्काचे १५ रुपये जुलै २०२० पासून खरेदीदार राहतो त्या राज्याला मिळतात, म्हणजे तुमचे महाराष्ट्राला. एसटीटी केंद्र गोळा करतं.

तुमचे वडील मार्केट यार्डात हळद घालतात, त्यांना ही गोष्ट माझ्यापेक्षा लवकर कळेल. सौदा झाला की बाजार समितीची फी खरेदीदाराकडून घेतली जाते, शंभराला रुपयाच्या आसपास. खरेदीदाराला त्या हळदीत पुढे फायदा होईल की तोटा, हे समिती विचारत नाही. त्याबद्दल कुणी फारशी तक्रारही करत नाही, कारण त्या फीतून यार्ड चालतं: रस्ते, दिवे, शेड, सौद्यावरची देखरेख. पण यात दोन फरक आहेत. एक म्हणजे एकदा फी भरलेल्या मालावर त्याच बाजारात हात बदलला म्हणून पुन्हा फी बसत नाही. शेअरवर मात्र दिवसात दहा वेळा हात बदलला तर दहा वेळा कर. दुसरं म्हणजे ती फी आहे, मोबदला आहे. शेअर बाजार चालवण्याचा मोबदला एक्स्चेंज आणि सेबी तुमच्याकडून वेगळा घेतातच. एसटीटी हा शुद्ध कर आहे, तो सरकारच्या तिजोरीत जातो. म्हणून "बाजार वापरता तर पैसे द्या" हे त्याचं समर्थन मला पटत नाही. त्याचं खरं समर्थन वेगळं आहे आणि ते भक्कम आहे.

२००४ च्या आधी शेअरच्या नफ्यावर कर होता, पण तो किती जण भरत होते हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. कुणी कधी घेतलं, केवढ्याला विकलं, हे ज्याच्या त्याच्या वहीत. परदेशी पैसा मॉरिशसमार्गे यायचा, आणि तिथल्या करारामुळे त्या नफ्यावर इथे कर बसायचा नाही. मग जुलै २००४ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी एक सौदा मांडला: शेअर बाजारातल्या प्रत्येक व्यवहारावर थोडासा कर द्या, आणि त्या बदल्यात एक वर्षावर ठेवलेल्या शेअरचा नफा पूर्ण करमुक्त. एक वर्षाच्या आतल्या नफ्यावर फक्त १० टक्के. सुरुवातीचा प्रस्ताव ०.१५ टक्क्यांचा होता. दलालांनी ओरड केली, दर उतरले, आणि १ ऑक्टोबर २००४ पासून डिलिव्हरीवर दोन्ही बाजूंना ०.०७५ टक्के लागू झाला. मुंबईचा मोठा फंड असो, मॉरिशसची कंपनी असो की विट्याचा शिक्षक असो, एक्स्चेंजच्या संगणकावर सौदा झाला की कर कापला. लपवायला जागा नाही, नोटीस नाही, अपील नाही, आणि वसुलीचा खर्च जवळजवळ काही नाही. असा कर फार थोडा आढळतो. त्या वेळी आम्ही गिऱ्हाइकांना मनापासून सांगायचो की हा सौदा चांगला आहे, शेअर ठेवणाऱ्याचं यात भलंच आहे. आमच्या शब्दावर कितीतरी लोकांनी एफडी मोडून शेअर घेतले.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. २०१८ च्या अर्थसंकल्पात दीर्घ मुदतीच्या नफ्यावर एक लाखाच्या वर १० टक्के कर परत आला. जुलै २०२४ मध्ये तो साडेबारा टक्के झाला (सूट सव्वा लाखापर्यंत वाढली), आणि अल्प मुदतीचा १५ वरून २० टक्क्यांवर गेला. ज्याच्या बदल्यात एसटीटी घेतला होता ती सूट गेली, एसटीटी राहिला. डिलिव्हरीचा दर मधे ०.१२५ पर्यंत चढून २०१२ मध्ये ०.१ वर आला, तो तिथेच आहे. तुमची तक्रार खरी बसते ती इथे. दिलेला शब्द अर्धा मोडला गेला आहे, आणि माझ्या टेबलासमोर बसून तो शब्द मी लोकांना दिला होता, म्हणून मला त्याचं जास्त लागतं.

रकमेच्या बाबतीत मात्र तुमची तक्रार लहान आहे, तेही सांगितलं पाहिजे. समजा तुम्ही दोन लाखांचे शेअर घेतले आणि दहा वर्षांनी सहा लाखांना विकले. एसटीटी घेताना २००, विकताना ६००, एकूण ८००. नफा चार लाख. त्यातून सव्वा लाख वजा जाता पावणेतीन लाखांवर साडेबारा टक्के म्हणजे ३४,३७५, आणि वर ४ टक्के सेस धरून ३५,७५०. या दोन आकड्यांकडे बघा. दहा वर्षांत ८०० रुपये हा काही जीव घेणारा कर नाही. तोट्यात विकलं, दोनाचे दीड लाख झाले, तरी एसटीटी ३५० च होईल. नफा न पाहता घेतलेला एवढा कर मला अन्यायाचा वाटत नाही. घर तोट्यात विकलं तरी घेणाऱ्याला मुद्रांक शुल्क भरावंच लागतं.

खटकतं ते दुसरंच. जो माणूस रोज सौदे करतो आणि ते उत्पन्न धंद्याचं म्हणून दाखवतो, त्याला भरलेला एसटीटी खर्चात धरता येतो. तुम्ही गुंतवणूकदार म्हणून भांडवली नफा दाखवता, तुम्हाला तो खर्चात धरता येत नाही. म्हणजे उलाढाल करणाऱ्याला वजावट आहे आणि ठेवणाऱ्याला नाही. शिवाय दर बघा. डिलिव्हरीत घेणाऱ्याला ०.१ आणि विकणाऱ्याला ०.१, मिळून ०.२ टक्के. इंट्राडेला, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकायला, फक्त विक्रीवर ०.०२५. एका फेरीला शेअर घरी नेणारा आठपट भरतो. यावर सरकारचं उत्तर असं की इंट्राडेवाला वर्षाला शेकडो फेऱ्या मारतो, त्याची बेरीज मोठी होते. ते खरंच आहे. एक लाखाचं भांडवल, त्यावर रोज पाच लाखांची विक्री करणारा दिवसाला १२५ रुपये एसटीटी भरतो. वर्षाचे २४० दिवस धरले तर ३०,०००. म्हणजे भांडवलाच्या तीस टक्के, दलाली सोडून. हा कर श्रीमंती बघत नाही आणि नफा बघत नाही, तो फक्त फेऱ्या मोजतो, एवढं ध्यानात ठेवलं की त्याचं सगळं वागणं कळतं. म्हणून माझं म्हणणं असं की डिलिव्हरीचा दर इंट्राडेच्या पातळीवर आणावा आणि भरलेला कर भांडवली नफ्यातून वजा करू द्यावा. सरकारचं त्यात थोडं जाईल, पण २००४ चा शब्द काही अंशी तरी पाळल्यासारखा होईल.

आता तुमचा दुसरा प्रश्न, सट्ट्याचा. व्यवहारावर कर लावून बाजाराचा वेग कमी करावा ही कल्पना मोठ्या माणसांची आहे. केन्स यांनी १९३६ मध्येच शेअरच्या हस्तांतरावर भरीव कर सुचवला होता, आणि जेम्स टोबिन यांनी १९७२ मध्ये चलनांच्या सौद्यांसाठी तशीच सूचना केली. चाकात थोडी वाळू टाकायची, म्हणजे पैसा इकडून तिकडे उधळणार नाही, असा त्यांचा विचार. ऐकायला पटतं. पण करून पाहिलेल्या देशांचा अनुभव बघावा लागतो.

स्वीडननं १९८४ मध्ये खरेदी-विक्रीवर प्रत्येकी अर्धा टक्का लावला, १९८६ मध्ये दुप्पट केला. स्वीडनच्या कंपन्यांचे सौदे मोठ्या प्रमाणावर लंडनला गेले. १९८९ मध्ये रोख्यांवर अगदी नाममात्र कर लावला, तर पहिल्याच आठवड्यात रोख्यांची उलाढाल सुमारे ८५ टक्क्यांनी घटली. १९९१ अखेर सगळंच गुंडाळलं. इंग्लंडात तसं झालं नाही, कारण तिथला कर कंपनी कुठली यावर आहे. सौदा जगात कुठेही झाला तरी ब्रिटिश कंपनीच्या शेअरवर तो बसतो. चीननं ३० मे २००७ ला एका रात्रीत मुद्रांक शुल्क ०.१ वरून ०.३ टक्के केलं. त्या दिवशी शांघायचा निर्देशांक साडेसहा टक्के पडला, आणि ऑक्टोबरपर्यंत चढत चढत सहा हजारांच्या वर गेला. फुगा फुटला तो पुढच्या वर्षी, त्याच्या स्वतःच्या वजनानं.

आपल्याकडे स्वीडनसारखं सहज होणार नाही, कारण आपले शेअर विकायला दुसरी मोठी जागा नाही. निफ्टी या शेअर निर्देशांकाचे वायदे पूर्वी सिंगापूरला व्हायचे, जुलै २०२३ पासून ते गुजरातच्या गिफ्ट सिटीत आले, आणि तिथे एसटीटी लागत नाही. परदेशी मोठ्या खेळाडूला ती वाट आहे. सांगलीच्या पोराला ती नाही.

त्या पोराबद्दलच मला लिहायचं आहे. या एप्रिलमध्ये कुपवाडच्या एमआयडीसीत सुपरवायझर असलेला एक तिशीच्या आतला मुलगा माझ्याकडे विवरणपत्रासाठी आला. गाव पलूस तालुक्यात, वडिलांची द्राक्षबाग. त्याचं खातं माझ्याकडे नाही, मोबाइलवरच्या ॲपवर आहे. तो फक्त निफ्टीचे ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाला घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क, घ्यायचा आणि तासाभरात विकायचा. २०२५-२६ चा पूर्ण वर्षाचा तक्ता त्यानं छापून आणला होता. मी म्हटलं, आपण आधी भावातला तोटा आणि खर्च वेगळे करू. लाल पेनानं एकेक रकाना बेरजेला घेतला. वर्षात साडेपाचशे फेऱ्या, म्हणजे अकराशे ऑर्डर. विकलेला प्रीमियम (ऑप्शनची किंमत) दीड कोटीच्या आसपास. ऑर्डरला २० रुपयांनी दलाली २२,०००. एसटीटी, त्या वर्षी विकलेल्या प्रीमियमवर ०.१ टक्का, म्हणजे १५,०००. एक्स्चेंजचा आकार साडेदहा हजार. जीएसटी ५,८५०. मुद्रांक शुल्क साडेचारशे. सेबीची फी ३०. एकूण खर्च ५३,८३०. भावातला तोटा एक लाख साठ हजार. दोन्ही मिळून २,१३,८३०, म्हणजे त्याचा जवळजवळ आठ महिन्यांचा पगार.

तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "काका, एसटीटी एवढा जातो हे माहीतच नव्हतं, ॲपवर तो दिसतो कुठे?" दिसतो, पण दिवसाच्या शेवटी ईमेलनं येणाऱ्या नोटेत, दुसऱ्या पानावर. सौदा करताना पडद्यावर हिरवा-लाल आकडा नाचतो त्यात तो नसतो. माझ्या मते कर सट्टा थांबवू शकत नाही याचं हेच कारण आहे. वाळू चाकात टाकायची तर चाक हाकणाऱ्याला ती जाणवली पाहिजे. ज्याला तासाभरात पैसे दुप्पट होतील असं वाटतं, त्याला शंभराला दहा पैशांनी फरक पडत नाही. फरक पडतो तो एका फेरीत दोन-चार पैसे मिळवणाऱ्या, दोन्ही बाजूंचा भाव लावून बसणाऱ्या जॉबरला. कर वाढला की बाजारातून आधी तो उठतो, आणि त्याच्यामागे भावातली फट रुंद होते. जुगारी तिथेच राहतो, फक्त महाग किमतीला खेळतो.

सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात होते, आणि एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर होता. त्याच अहवालात असं आहे की २०२३-२४ मध्ये हे खेळणाऱ्यांपैकी ७२ टक्क्यांहून जास्त लोक पहिल्या तीस शहरांच्या बाहेरचे होते, म्हणजे सांगली-साताऱ्यासारख्या गावांतले, आणि तीन-चतुर्थांशांहून जास्त लोकांनी आपलं वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत सांगितलं होतं. या सगळ्या काळात ऑप्शनवर एसटीटी होता. एप्रिल २०२३ मध्ये तो ०.०५ वरून ०.०६२५ झाला, ऑक्टोबर २०२४ मध्ये ०.१, आणि एप्रिल २०२६ पासून ०.१५. वायद्यावरचा ०.०२ वरून ०.०५ झाला. २०२४-२५ मध्ये व्यक्तींचा तोटा कमी झाला का? सेबीच्याच पुढच्या आकडेवारीनुसार तो ४१ टक्क्यांनी वाढून १.०५ लाख कोटींच्या घरात गेला, आणि तोट्यात असलेल्यांचं प्रमाण ९१ टक्के राहिलं.

माझ्याकडच्या खात्यांत मला खरा बदल दिसला तो नोव्हेंबर २०२४ नंतर. सेबीनं कराराचा आकार पंधरा लाखांवर नेला, निफ्टीचा लॉट (एका कराराचे नग) २५ चा ७५ झाला, आणि प्रत्येक एक्स्चेंजला एकाच निर्देशांकाची साप्ताहिक एक्स्पायरी (करार संपण्याचा दिवस) ठेवली. बँक निफ्टीची दर आठवड्याची एक्स्पायरी बंद झाली. त्या महिन्यात तीन मुलांनी फोन करून खाती बंद करायला सांगितली, कारण एका लॉटला पुरतील एवढे पैसेच त्यांच्याकडे नव्हते. एसटीटी वाढला म्हणून बंद करतो, असं आजवर एकानंही सांगितलेलं नाही. म्हणून कर वाढवा म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की तुमचा हेतू चांगला आहे, पण मागणी नियमांची करा: उत्पन्न बघून मर्यादा, ऑप्शन सुरू करण्याआधी चाचणी, आणि ऑर्डर देण्याच्या पडद्यावरच खर्चाचा ठळक आकडा. त्या मुलाला तो आकडा रोज समोर दिसला असता तर साडेपाचशे फेऱ्या झाल्या नसत्या, असं मला वाटतं.

कर चुकीच्या ठिकाणी मोजला की काय होतं याचाही अनुभव आपल्याला आहे. सप्टेंबर २०१९ च्या आधी ऑप्शन विकून मोकळा न होता एक्स्पायरीला तसाच ठेवला आणि तो फायद्यात निघाला, तर ०.१२५ टक्के कर प्रीमियमवर किंवा फायद्यावर नव्हे, तर पूर्ण सौद्याच्या रकमेवर बसायचा. निफ्टी १०,००० ला बंद, तुमचा कॉल (घेण्याचा हक्क) ९,९९० चा, लॉट ७५. फायदा ७५० रुपये. कर साडेसात लाखांवर ०.१२५ टक्के, म्हणजे ९३७ रुपये ५० पैसे. फायद्यापेक्षा कर जास्त. आमच्याकडच्या एका निवृत्त हेडमास्तरांचे असे वीस लॉट राहून गेले होते. पंधरा हजारांचा फायदा आणि पावणेएकोणीस हजारांचा कर बघून ते माझ्याशी दोन महिने बोलले नाहीत. त्यांना आधी बजावून ठेवणं माझं काम होतं, तो ओशाळेपणा अजून आहे. २०१९ च्या अर्थसंकल्पात ती तरतूद सुधारली.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एसटीटीतून ७८,००० कोटी येतील असा अंदाज धरला होता. एवढी रक्कम एकदा हिशेबात धरली की ती कमी होऊ देणं कोणत्याही सरकारला जड जातं. आणि तिच्यात फेऱ्या मारणाऱ्यांचा वाटा मोठा असतो. त्या पलूसच्या मुलाच्या घरात कर्ज वाढतं तेव्हा तिजोरीत भर पडते. जो कर एखादी गोष्ट कमी व्हावी म्हणून लावला, त्याच गोष्टीवर खर्चाचं गणित उभं राहिलं, तर ती कमी करणारे नियम पुढे ढकलले जाण्याची भीती असते. सेबीनं नियम केले हे चांगलं झालं, आणि तिला तसं करत राहू द्यावं.

आता हळद. शेतमाल सोडून बाकी वस्तूंच्या वायद्यावर १ जुलै २०१३ पासून विकणाऱ्याकडून ०.०१ टक्का सीटीटी, म्हणजे वस्तूंच्या सौद्यावरचा कर, घेतात. त्याचा फटका कुणाला बसला ते विट्याकडे विचारा. खानापूर-आटपाडीची गलाईची माणसं देशभर सोनं-चांदी गाळतात. त्यांच्याकडे माल पडून असतो आणि भाव रोज हलतो, म्हणून काही जण वायद्यात विकून ठेवतात. त्यात त्यांना कमाई करायची नसते, झोप लागावी एवढ्यासाठी ते असतं. त्यांचा सौदा आणि सट्टेवाल्याचा सौदा कराला सारखाच दिसतो. कर लागल्यावर कमोडिटी एक्स्चेंजवरची उलाढाल खूप घसरली.

हळदीला हा कर नाही. ती सूट मिळालेल्या शेतमालाच्या यादीत आहे, आणि तिथेच राहावी. सांगलीत हळदीचा वायदा काही नवा नाही. माल हरिपूरच्या पेवांत (जमिनीखालच्या कोठारांत) आणि सौदे पेठेत, असं आमच्या आधीच्या पिढीनं केलं आहे. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं आणि ते दिवस संपले. आता हळदीचा वायदा एनसीडीईएक्स या शेतमालाच्या एक्स्चेंजवर चालतो, पाच टनांच्या करारानं. समजा भाव क्विंटलला १५,००० आहे. पन्नास क्विंटल म्हणजे साडेसात लाखांचा करार, त्यावर ०.०१ टक्का म्हणजे ७५ रुपये. तुमचे वडील म्हणतील, साडेसात लाखांत ७५ रुपये म्हणजे काहीच नाही, आणि त्यांच्यापुरतं ते खरं आहे. पण या वायद्यात सौदे थोडे होतात. घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा भाव यांत फट असते, आणि ती बुजवतो तो जॉबर, जो क्विंटलमागे दोन रुपये सुटले तरी सौदा करतो. त्याला एका करारावर १०० रुपये सुटतात. त्यातले ७५ करात गेले तर तो दुकान बंद करेल. मग फट क्विंटलला ५० वरून ८० झाली, तर तुमच्या वडिलांना पन्नास क्विंटलमागे दीड हजार जास्त मोजावे लागतील, आणि त्यातला एक रुपयाही सरकारला मिळणार नाही.